अनवाणी माणसाला पूल फुकट

ज्या गावात मी कधी पाऊल टाकलेलं नाही, त्या गावाच्या गल्ल्या मला पाठ आहेत. स्वप्नात मी अजूनही तिथं जाते. खाडीच्या पश्चिम काठावर उभी असते, पलीकडच्या काठावर पिवळी, गुलाबी, निळी घरं एकमेकांना खेटून ओळीनं उभी असतात आणि वारा समोरून येत असतो. तिथं वारा कायम समोरूनच येतो. पाठीवर घ्यायचा असेल तर घराकडे तोंड करावं लागतं. मग घंटा वाजते आणि समोरचा पूल हळूच काठ सोडून निघतो. यानंतर मला कधी जाग येते, कधी येत नाही.

हे गाव म्हणजे विलेमस्टाड. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोर कुरासाव नावाचं एक बारकं बेट आहे, त्याचं हे बंदर. नवऱ्याला हे स्वप्न मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यानं शांतपणे चहा ढवळत विचारलं, तिकडची तिकिटं महाग असतील ना? माणूस वाईट नाही, पण स्वप्नाचंही त्याला एस्टिमेट लागतं.

मला ते गाव तिकीट न काढता मिळालं, भिंतीपलीकडून. दोन हजार पाचच्या पानगळीत आम्ही पुण्याहून नेदरलँड्सला आलो आणि रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेल आन डेन आयसेलमध्ये एका उंच इमारतीत राहायला लागलो. बाहेरून चाळीसारखी लांबलचक गॅलरी, तिच्यावर ओळीनं दारं, पण त्या दारांतून कुणी कुणाला हाक मारत नसे. नवरा स्किल्ड मायग्रंट, मी त्याची डिपेंडंट. पुण्यात मी शाळेत इतिहास शिकवायचे, वर्गभर पोरं माझ्या एका नजरेनं गप्प व्हायची, आणि इथं कागदोपत्री मी कुणाची तरी आश्रित. तो शब्द मला चांगलाच झोंबायचा. त्यात हिवाळ्यात दुपार संपते न संपते तोच अंधारून यायचं. नवरा ऑफिसला गेला की संध्याकाळपर्यंत घरात आवाज करणारा एकटा कुकर.

आणि कुकरमुळेच शेजारच्या तांतेंची ओळख झाली. एके दिवशी वरणभाताची शिट्टी झाली आणि तिच्या पाठोपाठ दारावरची बेल. दारात शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई. उंच, काळ्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, कडक इस्त्रीचा झगा आणि पायात पॉलिश केलेले तपकिरी लेसचे बूट. मला वाटलं, आली तक्रार. मी सॉरी म्हणायच्या बेतात होते, तोवर त्याच म्हणाल्या, "अच्छा माल. कितना? जल्दी, जल्दी. बस." एवढं बोलून त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, पाढे म्हणून दाखवलेल्या मुलीसारख्या.

त्यांचं सगळं हिंदी एवढंच होतं. मग अर्धं डच आणि अर्धं इंग्लिश असं करत त्यांनी सांगितलं ते असं. विलेमस्टाडच्या बाजारात सिंधी व्यापाऱ्यांची खूप दुकानं होती, त्यांतल्या एका दुकानात त्यांचं सगळं तरुणपण गेलं. टेबलक्लॉथ, अत्तरं, घड्याळं, पुढे ट्रान्झिस्टर. वरच्या मजल्यावर शेटची बायको राहायची, आणि तिच्या स्वयंपाकघरातून शिट्टी आली की दुकानातल्या मुली समजायच्या, आता शेट जेवायला वर जाणार, घटकाभर बसायला हरकत नाही. इतक्या वर्षांनी ती शिट्टी भिंतीतून ऐकू आली आणि त्यांचे पाय आपोआप दाराकडे वळले. मी त्यांना आत या म्हटलं. त्यांनी माझ्या दाराशेजारच्या चपलांच्या स्टँडकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाल्या, नको, तूच माझ्याकडे ये.

तशी मी जायला लागले. इथं मावशी-आत्याला तांते म्हणतात, म्हणून मीही तांते म्हणू लागले. त्या मला दुशी म्हणायच्या, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ गोड. मला कुणी गोड म्हणावं असा माझा स्वभाव नाही, पण त्यांना बहुधा फारसा पर्याय नव्हता. त्यांचे यजमान रॉटरडॅमच्या गोदीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मला डच बोलायचा सराव हवा होता आणि त्यांना कान हवे होते. खेमेंते, म्हणजे इथली नगरपालिका, आम्हां नवख्या बायकांसाठी भाषेचा वर्ग चालवायची. तिथल्या बाईंनी महिन्याभरानं मला थांबवून विचारलं, तू नक्की भारतातली ना? कारण माझं डच बेटावरचं येत होतं, सावकाश आणि हेलकावे खाणारं. मला त्याचा फार अभिमान वाटला. आजही माझं डच ऐकून लोक माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघतात.

दुपारी त्या खिडकीशी बसायच्या, मी समोर. बाहेर धुक्यात आयसेल नदी कुठं संपते आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळायचं नाही, आणि खोलीत तांते गाव मांडायच्या. खाडीनं गावाचे दोन भाग केलेले. पूर्वेला पुंडा, तिथं व्यापारी, दुकानं, रंगीत घरं. पश्चिमेला ओत्रोबांदा, या नावाचा अर्थच पलीकडचा काठ, तिथं राबणारी माणसं. मधे तरंगता पूल, होड्यांच्या पाठीवर टाकलेला, फळ्यांचा. जहाज आलं की हा पूल वर उचलला जात नाही. घंटा होते, त्याचं पुंड्याकडचं टोक सुटतं आणि सगळा पूल दार उघडावं तसा बाजूला जातो. निशाण नारिंगी लागलं तर थोडा वेळ, निळं लागलं तर बसा वाट बघत. आणि घंटा होताना कुणी पुलावर असलं तर? मी विचारलं होतं. तांते म्हणाल्या, मग ते माणूस पुलाबरोबर फिरायला जातं. लहानपणी आम्ही मुद्दाम मधे जाऊन उभं राहायचो.

मला हे ऐकताना गुंगी यायची. ती झोप नव्हे. हीटरची ऊब, त्यांचा सावकाश आवाज, आणि आपण कुठल्याच काठावर नाही आहोत असं सुखाचं वाटणं. घाटावर व्हेनेझुएलाच्या होड्या लागलेल्या दिसायच्या, त्यांवर केळी, पपया, मासे, वर जुन्या शिडांची सावली. बेटावर पाणी नाही, मातीत काही पिकत नाही, म्हणून भाजीसुद्धा समुद्रावरून यायची. मी तिथं उभी असल्यासारखी त्या होडीवाल्याशी भाव करायचे. तांतेंना हे माहीत असावं, कारण त्या मधेच थांबून विचारायच्या, पपई घेतलीस का?

पण माझ्यातली इतिहासाची बाई पूर्ण झोपलेली नसे. घरं रंगीत का, तर म्हणे फार पूर्वी एका गव्हर्नरचं डोकं दुखायचं, पांढऱ्या भिंतींवरचं ऊन त्याला सोसायचं नाही, म्हणून त्यानं सगळ्यांना रंग द्यायला लावले. आणि पुढे कळलं की रंगाच्या दुकानात त्याचीच भागी होती. मी म्हटलं, याला पुरावा काय? तांते म्हणाल्या, घरं रंगीत आहेत, हा.

मी मूळची वेंगुर्ल्याची. आमच्याकडेही डचांची वखार आहे, निम्मी ढासळलेली, आत झुडपं माजलेली. शाळेच्या पुस्तकात तिला एक ओळ होती आणि ती ओळ मी पुढे शिकवलीही: डचांनी वेंगुर्ले येथे वखार घातली. मी हे तांतेंना सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. म्हणाल्या, तुमच्याकडेही येऊन गेले वाटतं. मग हसू थांबवून त्यांनी सांगितलं की त्यांच्या गावात वखारीत माणसं ठेवायचे. आफ्रिकेतून आणलेली, पुढे विकायची. पिवळ्या, गुलाबी घरांचे पैसे तिथून आले. नंतर माणसांची विक्री थांबली, कोळशाची जहाजं आली, मग तेल आलं, शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला, मग व्हेनेझुएलाहून, कराकसच्या श्रीमंत बायका बॅगा भरभरून खरेदीला येऊ लागल्या. त्यांच्या देशाचं चलन कोसळलं तशा त्याही बंद झाल्या, शेटचं दुकान बसलं, आणि तांते इकडे येऊन ऑफिसं साफ करायला लागल्या. आता पांढरी, बिल्डिंगएवढी जहाजं येतात, त्यांतून अर्ध्या चड्डीतले पर्यटक उतरतात. बंदर खोल आहे एवढीच आमची मिळकत, तांते म्हणाल्या. येणाऱ्याला जे हवं ते गाव होतं.

आणि आता येणाऱ्याला त्यांचं घर हवं होतं. ओत्रोबांदामधे एका गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांच्या आजीचं घर होतं. आजी धोबीण. पुंड्यातल्या साहेबांचे कपडे आणायची, धुऊन, इस्त्री करून परत न्यायची, आणि त्यातून तिनं ते दोन खोल्यांचं घर उभं केलं. तांते त्या आजीजवळच वाढलेल्या. घरात आता त्यांचा म्हातारा भाऊ राहत होता. एका कंपनीनं सगळी गल्लीच विकत घेत आणली होती: बाहेरून जुनी घरं तशीच ठेवायची, आत हॉटेलच्या खोल्या करायच्या. उरलं होतं हे कोपऱ्यावरचं. भाऊ थकला होता, त्याला विकून मुलीकडे जायचं होतं, पण तांतेंनी हो म्हटल्याशिवाय विकता येत नव्हतं.

दर रविवारी फोन यायचा. मला त्यांची भाषा कळत नव्हती, पण भाऊ काय विचारतो आणि बहीण काय टाळते हे कुठल्याही भाषेत कळतं. तांतेंनी आयुष्यभर एकच ठरवलं होतं, शेवटी परत जायचं आणि आजीच्या पलंगावर डोळे मिटायचे. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत त्यांची पंचाहत्तरी आली, गुडघे गेले, साखर वाढली. हाउसार्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, मान हलवायचा. भावानं शेवटी ईस्टरपर्यंतची मुदत दिली. तांते मला म्हणाल्या, "घर गेलं तर मी कुठली?" खरं सांगायचं तर मला त्या जायलाही नको होत्या. त्या गेल्या की मी पुन्हा कुकरसोबत एकटी राहणार होते.

आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात सासूबाई आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सोबत तिळगूळ, काटेरी हलवा, आणि लेकाचे तळपाय इथल्या थंडीनं कोरडे पडले असतील म्हणून काशाची वाटी. आल्या आल्या त्यांनी संक्रांतीचं हळदीकुंकू जाहीर केलं. माझ्या ओळखीच्या सगळ्या मराठी बायका, कुणी रॉटरडॅमची, कुणी पार आल्मेरेहून ट्रेन बदलत येणारी, आणि शेजारच्या बाईसुद्धा. त्यांचे यजमान नाहीत, असं मी म्हटल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच पुण्यात राहिले आणि त्या परदेशात शिकल्या. म्हणाल्या, "तिळगूळ यजमानांना द्यायचाय का?"

तांते येतील असं मला वाटलं नव्हतं. वर्षभरात मी रोज त्यांच्याकडे जात होते, पण त्या माझ्या उंबऱ्याच्या आत कधी आल्या नव्हत्या. काही द्यायचं असलं तर दारातूनच. मी समजायचे, इथली पद्धत असेल. त्या दिवशी मात्र त्या आल्या. निळा झगा, कानात सोन्याचे डूल, आणि पायात तेच तपकिरी बूट, आरशासारखे. घर काळ्या साड्यांनी भरलेलं, दाराशी चपलाबुटांचा ढीग. सासूबाई लगबगीनं पुढे झाल्या, हसल्या, आणि खुणेनं बूट काढायला सांगितलं. तांते हसल्या पण हलल्या नाहीत. मला वाटलं आता मी काहीतरी बोलावं, पण माझ्या हातात हलव्याचं ताट होतं आणि डोक्यात एकही डच शब्द येत नव्हता.

सासूबाईंना वाटलं, म्हातारीला वाकता येत नसेल. मग त्यांनी जे केलं ते आपल्याकडची कुठलीही बाई करील. त्या खाली बसल्या आणि तांतेंच्या बुटाच्या नाडीला हात घातला. तांतेंनी पाय इतक्या झटक्यात मागे घेतला की शेजारची कुंकवाची कोयरी लवंडली. त्यांच्या चेहऱ्यावर मी राग पाहिला असता तर बरं झालं असतं. ती भीती होती. त्या वळल्या, गॅलरीतून चालत आपल्या दारात गेल्या आणि दार लागल्याचा आवाज आला. सासूबाई लाल झालेल्या फरशीवर तशाच बसून राहिल्या.

मला दोघींचाही संताप आला. एकीनं विचारल्याशिवाय हात लावला म्हणून, आणि दुसरीनं माझ्या सासूला बायकांच्या देखत तसं सोडलं म्हणून. पाहुण्या गेल्यावर मी तणतणत तांतेंकडे गेले. दार उघडंच होतं. त्या खिडकीशी बसल्या होत्या, झग्यावर अजून कुंकवाचा शिंतोडा. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच बोलायला लागल्या, नेहमीसारख्याच सावकाश.

त्या पुलावर एके काळी टोल होता. नियम असा की ज्याच्या पायात बूट त्यानं पैसे द्यायचे, अनवाणी माणसाला पूल फुकट. गरिबांची सोय म्हणून. मग व्हायचं काय, तर पुंड्याचे पैसेवाले गंमत म्हणून बूट काढून हातात घ्यायचे आणि फुकटात जायचे. आणि ओत्रोबांदाची माणसं शेजारपाजारचे बूट उसने मागून, पायात कोंबून, पैसे मोजून जायची. तांतेंच्या आजीची आई गुलामगिरीत जन्मलेली. गुलामांना पायात काही घालायची मुभा नसे, असं आजी सांगायची. रस्त्यात माणसाच्या पायांकडे पाहिलं की कळायचं तो कुणाच्या मालकीचा आहे. म्हणून आजी डोक्यावर इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन, शेजारणीच्या तोकड्या बुटांत पाय चेपून, टोल भरून पूल ओलांडायची. धुण्याच्या कमाईतला वाटा त्या पुलाला जायचा. आजीनं मरतानाही बूट काढू दिले नाहीत. आणि नातीला शिकवलं, लोकांना तुझे पाय दिसता कामा नयेत.

मी भांडायला आले होते ते विसरून गेले. घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या फरशी पुसत होत्या. पुसता पुसता थांबून म्हणाल्या, आपण देवापुढं अनवाणी जातो, तेव्हा आपल्याला वाटतं सगळ्यांना तेच वाटत असेल. एवढंच. मग त्यांनी साडी बदलली, ताटात हळदकुंकू, तिळगूळ आणि वाणाची स्टीलची वाटी ठेवली, आणि दाराशी येऊन सँडल घातले. जन्मात त्यांनी कुणाच्या घरात पायताण घालून पाऊल टाकलेलं नव्हतं. स्वतःच्या घरात डॉक्टर बूट घालून शिरला तरी मागून फरशी पुसणाऱ्या त्या. तांतेंच्या उंबऱ्याशी त्या क्षणभर थबकल्या, मी पाहिलं. मग सँडलसकट आत गेल्या, थेट खिडकीपर्यंत. तांतेंनी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि कपाळ पुढे केलं.

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. एकीला मराठीशिवाय काही येत नव्हतं, दुसरीला मराठी येत नव्हतं, आणि मला मधे कुणी विचारतही नव्हतं. नदीवर जहाज आलं की कापेलचा पूल वर उचलला जातो. ऊन पडलं की दोघी तो बघायला काठावर जाऊन बसायच्या. सासूबाई मला म्हणाल्या, "त्यांना जाऊन येऊ दे गं. न बघता हो म्हणतील तर जन्मभर सलेल, आणि न बघता नाही म्हणतील तरी." मी हे तांतेंना सांगितलं. त्यांनी मला लगेच तिकीट काढायला सांगितलं. मार्चच्या सुरुवातीला आम्ही त्यांना स्किपोलला विमानात बसवून आलो. परतताना मेट्रोत मी रडले. त्या परत येणार नाहीत अशी माझी खात्री होती, आणि येऊ नयेत असंही मनातून वाटत होतं, त्यांच्यासाठी.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. भिंतीपलीकडे शांतता होती. दुपारी मी आपोआप खिडकीशी बसायचे आणि एकटीच त्या गावात जायचे. कोपऱ्यावरच्या घराचं दार कधी उघडं दिसायचं, कधी बंद. होडीवाला पपई पुढे करायचा आणि मला पुढचा डच शब्द आठवायचा नाही.

सासूबाईंच्या बॅगा भरायला काढल्या त्याच सुमारास एका दुपारी बेल वाजली. दारात तांते, रापलेल्या, थोड्या बारीक. मी काही बोलायच्या आत त्या आमच्या स्टँडशेजारच्या स्टुलावर बसल्या, वाकल्या, कण्हल्या, आणि स्वतःच्या हातांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट, मोजे. बूट त्यांनी आमच्या चपलांच्या ओळीत नीट जुळवून ठेवले आणि भिंतीला धरून आत आल्या. दीड वर्षात पहिल्यांदा त्या माझ्या सोफ्यावर बसल्या. सासूबाई आतून आल्या, त्यांनी ते पाय पाहिले आणि परत आत गेल्या.

तांतेंनी सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगते. त्या सकाळी आजीच्या घराच्या पायरीवर बसल्या होत्या. गल्लीतली बाकीची घरं नव्या रंगात, चित्रातल्यासारखी, दारांवर पितळी नंबर, आणि आत कुणी राहत नाही. भाऊ आत बसून विचारत होता, काय ठरलं? तेवढ्यात मोठ्या जहाजातून उतरलेले पर्यटक आले, पाच-सहा जण, गोरे, कॅमेरे घेऊन. त्यांनी विचारलं, हे म्युझियम आहे का? आत जाता येईल का? तांते म्हणाल्या, "मी सांगितलं, जा की. पण आमच्यात बूट बाहेर काढतात."

आणि त्यांनी काढले. मुकाट्यानं, एकामागून एक, त्या पायरीवर. ते लोक अनवाणी, आवाज न करता, तांतेंच्या आजीच्या दोन खोल्यांतून फिरले, इस्त्रीचं टेबल पाहिलं, पलंग पाहिला, हळू आवाजात थँक यू म्हणाले. तांते पायरीवर त्यांच्या बुटांच्या रांगेशेजारी बसून होत्या, आपले बूट घालून. त्या म्हणाल्या, त्या वेळी मला वाटलं, आजी, बघ. मग ते गेले, आणि त्या आत जाऊन भावाला हो म्हणाल्या. घराकडून जे हवं होतं ते मिळालं होतं. उरलं होतं ते छप्पर, आणि तेही गळत होतं.

मी त्यांना विचारलं, मग वाईट नाही वाटलं? खूप, त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत रडले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी पुलाच्या तोंडाशी जाऊन बूट काढले, हातात घेतले आणि पलीकडे गेल्या, आणि मग परत आल्या. टोल केव्हाच बंद झालाय, त्यांना कुणी अडवलंही नाही, पाहिलंही नाही. पुलाची नुकतीच डागडुजी झालेली, फळ्या उन्हानं तापलेल्या. परत येताना मधोमध असताना घंटा झाली, आणि पूल त्यांना घेऊन निघाला.

सासूबाई काशाची वाटी आणि तूप घेऊन आल्या आणि खाली बसल्या. हात पुढे करून थांबल्या, या वेळी. तांतेंनीच पाय त्यांच्या मांडीवर ठेवला. टाचेशी भाजून आलेले फोड सुकले होते, त्यांच्या काळ्या टिकल्या राहिल्या होत्या, बाकी तळवा लहान मुलाच्या तळव्यासारखा मऊ, ऊन न पाहिलेला. सासूबाई फोड चुकवून वाटी फिरवू लागल्या, गोल, सावकाश. तूप हळूहळू काळं पडायला लागलं. अंगातली उष्णता निघते, सासूबाई मला म्हणाल्या, आणि मी ते डचमधे सांगितलं. बाहेर आभाळ उतरलेलं, नदी दिसत नव्हती. तांतेंचे डोळे मिटत आले होते. मिटल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या, "हिला सांग, मी पैसे देणार नाही. अनवाणी माणसाला फुकट असतं."

मी सांगितलं. सासूबाईंनी वाटी थांबवली नाही, वर बघितलंही नाही. म्हणाल्या, "बरं. त्यांना म्हणावं, आता दुसरा पाय द्या."